हजारात दिलेली जहागीर परत मागायला आलेला संन्यासी : ग्न्येफ्कोवोचा व्वादिस्वाव

रात्रपाळी (धागाकर्ता)

पोलंडच्या इतिहासातले राजे गाजलेत, त्यांच्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला मजा येते ती त्यांच्या किरकोळ भाऊबंदांची, ज्यांच्याकडे दोन-चार गढ्या, एक नदी आणि न संपणाऱ्या तक्रारी एवढाच ऐवज असायचा. त्यातलाच हा एक, ग्न्येफ्कोवोचा ड्यूक व्वादिस्वाव, टोपणनाव 'पांढरा'. जन्म १३३० च्या आगेमागे. घराणं पियास्त, म्हणजे पोलंडचं मूळ राजघराणं, पण त्यातली कुयावी प्रांतातली धाकटी पाती. बापाच्या मागे वाट्याला आलं ते ग्न्येफ्कोवो हे गाव आणि भोवतालचा छोटासा मुलूख, तोसुद्धा राजा काझिमिएश (ज्याला थोर म्हणतात तो) याचा मांडलिक म्हणून.

१३५९ च्या सुमारास लग्न झालं, दोनेक वर्षांत बायको वारली, मूलबाळ नाही. १३६३-६४ मध्ये याने ती जहागीर राजाला १००० फ्लोरिनला देऊन टाकली आणि चालता झाला. जेरुसलेम केलं, प्रशियात ट्यूटनिक सरदारांकडे (जर्मन लढवय्या धर्मसंघ) गेला, प्रागला सम्राट चौथ्या कार्लकडे गेला, आविन्याँला पोपकडे गेला, आणि १३६६ ला फ्रान्समध्ये सितोच्या मठात चक्क संन्यासी झाला. तिथे करमेना म्हणून पुढच्याच वर्षी पंथ बदलून दिजाँच्या सँ बेनीन्य मठात बेनेडिक्टाइन झाला. इथवर ठीक आहे, असे लोक असतात.

पण १३७० ला काझिमिएश वारसाशिवाय गेला, गादीवर भाचा बसला हंगेरीचा लायोश, आणि व्येल्कोपोल्स्का भागातले काही उमराव थेट दिजाँच्या मठात पोचले की महाराज, पियास्तांच्या रक्ताचे तुम्ही, चला. आणि हा गेला! पोपने व्रतातून मोकळं करायला नकार दिला तरी गेला. १३७३ मध्ये मूठभर माणसं घेऊन गढ्या घेतल्या, घालवल्या, १३७५ ला पुन्हा घेतल्या, १३७६ ला झ्वोतोरियाच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि शेवटी १०,००० फ्लोरिन आणि हंगेरीतल्या पॅनोनहाल्मा मठाचं महंतपद यावर हक्क सोडून दिला. तिथेही दोन वर्षं टिकला, मग पुन्हा दिजाँ. १३८८ ला स्ट्रासबुर्गमध्ये वारला.

बहुतेक जण याच्याकडे चंचल, वेडसर माणूस म्हणून बघतात. मला तसं वाटत नाही. माझं मत असं की हा आला नाही, याला आणलं गेलं, आणि आणणारे ऐनवेळी घरी बसले. तुम्हाला काय वाटतं?

कडीपत्ता

पहिलं नाव वाचतानाच दात पडले. मी याला व्वादूशेठ म्हणणार, कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

ढेबेवाडी_फास्ट

वेडसर कुठला हो! १००० ला दिलेली जमीन, तीच जमीन, ताबा नाही काही नाही, बारा-तेरा वर्षांनी १०,००० ला परत विकली. दहापट. वर मोठ्या मठाची गादी. आमच्या रिंगरोडला असा एक माणूस दाखवा.

शंकासूर

रात्रपाळी, १००० ला 'दिली' म्हणजे नक्की काय, विकली की गहाण टाकली? कारण सगळा खटला त्यावरच उभा आहे ना. गहाण असेल तर पैसे फेकून सोडवून घ्यायचा हक्क उरतो, विकली असेल तर विषय संपला.

रात्रपाळी

@शंकासूर, अभ्यासकांत दोन्ही तट आहेत. बरेच जण गहाण म्हणतात. पण रक्कम बघा, अख्ख्या मुलखाला १००० ही काही किंमत नव्हे, वाटखर्चाला दिल्यासारखी वाटते. आणि घेणारा कोण, तर स्वतःच याचा धनी. तो नाही म्हणाला असता तर दुसरा गिऱ्हाईक कुठून आणणार होता? म्हणजे होता एक, तोरुन्यमधले ट्यूटनिक सरदार, गावापासून हाकेच्या अंतरावर. काझिमिएशने जमीन पटकन पदरात पाडून घेतली त्याचं कारण माझ्या मते हेच. या लोकांनी १३३२ ला सगळं कुयावी गिळलं होतं आणि ते १३४३ च्या कालिशच्या तहात परत मिळालं होतं. ती जखम ताजी होती.

आत्याबाई

नाती कोणी नीट मांडलीच नाहीत अजून, आणि नाती कळल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही, तर मी मांडते. चहा घेऊन बसा.

मूळ पुरुष कुयावीचा पहिला काझिमिएश. दोन बायकांपासून बरेच मुलगे, त्यातले दोन आपल्या कामाचे. एक शेमोमिस्व, पहिल्या नव्हे, कोन्स्तांत्स्या नावाच्या राणीचा. दुसरा सावत्र भाऊ वोक्येतेक, म्हणजे 'बुटका' व्वादिस्वाव, ज्याने तुकडे झालेलं पोलंड पुन्हा गोळा केलं आणि १३२० ला क्राकुफमध्ये राज्याभिषेक करून घेतला. बुटक्याच्या मुलांतली आपल्या कामाची दोन: थोर काझिमिएश आणि एल्झ्बिएता. एल्झ्बिएता हंगेरीत दिली, तिचा मुलगा लायोश. शेमोमिस्वचा मुलगा ग्न्येफ्कोवोचा तिसरा काझिमिएश, आणि त्याचा मुलगा आपले व्वादूशेठ.

म्हणजे राजा काझिमिएश हा व्वादिस्वावचा चुलत काका. राजमाता एल्झ्बिएता चुलत आत्या. लायोश आतेभाऊ, चुलत का होईना. आता खरी गंमत. व्वादिस्वावची सख्खी बहीण बॉस्नियाच्या बान (म्हणजे तिथला सत्ताधीश) स्त्येपान कोत्रोमानिचला दिलेली. तिची मुलगी एलिझाबेथ १३५३ ला कोणाला दिली असेल? लायोशला! म्हणजे ज्या राजाविरुद्ध हा तलवार घेऊन उभा राहिला तो याचा आतेभाऊ आणि भाचेजावई दोन्ही. आणि लायोशची धाकटी मुलगी याद्विगा, जी १३८४ मध्ये पोलंडच्या गादीवर बसली, तिच्या आईचा हा सख्खा मामा.

आता सांगा १०,००० फ्लोरिन आणि महंतपद का दिलं. दुसरा कोणी बंडखोर असता तर डोळे काढले असते. मामेसासऱ्याला असं करून चालत नाही, घरी बायको आहे.

कडीपत्ता

आत्याबाई _/\_ _/\_
हंगेरीत बुडाच्या राजवाड्यात जेवणाच्या वेळी काय वातावरण असेल! "तुमच्या मामांनी आज अजून एक किल्ला घेतला हो."

मीठभाकर

पहिल्या नव्हे, कोन्स्तांत्स्या, म्हणजे मूळ पुरुषाला एकूण किती बायका?

आत्याबाई

तीन धरतात. पहिली लवकर गेली, मूल नाही. दुसरी ही. वोक्येतेक तिसरीचा, ती ओपोलेची. आणि त्या तिसरीबद्दल घराण्यात फार चांगलं बोललं जात नव्हतं, सावत्र मुलांशी तिचं पटत नव्हतं. पण तो वेगळा धागा होईल.

जुनाबाजार

धाग्याच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध. रात्रपाळी यांनी एका स्वभावाला राजकारणाचं कारण चिकटवलंय. या माणसाचं आयुष्य ओळीने बघा. लग्न केलं, बायको गेली म्हणून राज्य सोडलं. हे एक समजू शकतो. मग तीर्थयात्रा, मग प्रशिया, मग प्राग, मग आविन्याँ. सितोला दीक्षा घेतली, वर्षभरात शिस्त कडक वाटली म्हणून दुसऱ्या पंथात. मठ सोडून पोपकडे, पोप नाही म्हणाला तर हंगेरीत बुडा शहरी, तिथे आतेभावाकडे रदबदली. तिथे जमलं नाही तर थेट बंड. बंड फसलं तर द्रेझ्देन्कोला उलरिश फॉन ओस्टच्या आश्रयाला. तिथून पुन्हा बंड. मग महंत. दोन वर्षांत महंतपदही नको. हा माणूस कुठल्याही खुर्चीवर तिसऱ्या वर्षी बसलेला दाखवा, मी धागाकर्त्याचं मत मान्य करतो.

आणलं गेलं वगैरे ठीक आहे. आणायला आलेले लोक प्रत्येक मठात जातात हो, जाणारा जातो कारण त्याला जायचंच असतं. उमराव आले नसते तर याने दुसरं काहीतरी निमित्त शोधलं असतं.

रात्रपाळी

जुनाबाजार, शेवटचं वाक्य मान्य करायला हरकत नाही, जायचं त्याला होतंच. पण माझा मुद्दा उमरावांचा आहे. त्यांची अडचण बघा. काझिमिएशने लायोशला वारस ठरवलं ते उमरावांच्या संमतीनेच. १३५५ ला बुडामध्ये लायोशने त्यांना लिहून दिलं की नवे कर लादणार नाही, वगैरे. पण ती संमती मुख्यतः क्राकुफकडच्या बड्या मंडळींची, व्येल्कोपोल्स्कावाल्यांना यात काही मिळालं नाही. लायोश अभिषेक करून घेऊन राजचिन्हांसकट हंगेरीला परत गेला, कारभाराला आईला बसवलं. आता या लोकांना राजा नको होता, राजाला दाखवायला एक बागुलबुवा हवा होता. पियास्त, पुरुष, जवळच्या रक्ताचा, स्वतःची फौज नाही, पैसा नाही, बायकापोरं नाहीत. यापेक्षा सोयीचा उमेदवार कुठे सापडणार?

आणि मिळालं बघा. १३७३ ला याने गढ्या घेतल्या. सप्टेंबर १३७४ मध्ये कोशित्सेच्या सनदेत लायोशने उमरावांची जमीनपट्टी एका वान (जमिनीचं पोलिश माप) जमिनीमागे फक्त २ ग्रोश नाण्यांवर आणून ठेवली, बदल्यात मुलींच्या वारसाहक्काला त्यांची मान्यता. सनदेचं सगळं श्रेय मी व्वादिस्वावला देत नाही, लायोशला मुलगा नव्हता हेच मोठं कारण. पण त्या वेळी कुयावीत एक पियास्त मोकाट फिरत होता याचा भाव ठरवताना उपयोग झाला नसेल असं म्हणणं अवघड आहे. उमरावांचं काम झालं. १३७५ ला हा दुसऱ्यांदा उतरला तेव्हा सोबत कोण होतं? काही लहानसहान सरदार आणि भाडोत्री.

पाटीपुस्तक

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, की या सगळ्याची मुख्य साक्ष एका माणसाची आहे, चार्न्कुफचा यान्को. काझिमिएशच्या काळात राज्याचा उपचॅन्सलर, शिवाय ग्नियेझ्नोचा आर्चडीकन, म्हणजे चर्चमधला वरचा अधिकारी. त्याची बखर नसती तर व्वादिस्वावबद्दल चार कागदांपलीकडे आपल्याला काही कळलं नसतं.

आणि यान्को तटस्थ अजिबात नाही. काझिमिएश गेल्यावर त्याची नोकरी गेली, त्याच्यावर आरोप झाला की थोर काझिमिएशच्या थडग्यात पुरलेली राजचिन्हं त्याने काढायचा प्रयत्न केला, हद्दपारी भोगली. राजमाता एल्झ्बिएता आणि लायोश यांच्यावर त्याचा जन्माचा राग, ते त्याच्या पानापानात दिसतं. व्वादिस्वावच्या बाजूचा असल्याचा संशयही त्याच्यावर होता. मग गंमत अशी की त्याच संशयितावर आज आपण 'व्वादिस्वाव चंचल होता' यासाठी विसंबतो. बाजूचा माणूस आपल्या उमेदवाराला चंचल का म्हणेल? दोन शक्यता: एक, तो खरंच इतका चंचल होता की लपवता आलं नाही. दोन, हरलेल्या उमेदवाराशी आपला काही संबंध नव्हता हे दाखवायची यान्कोला गरज होती. मी दुसरीकडे झुकतो.

जुनाबाजार

पाटीपुस्तक, मी वर दिलेली यादी यान्कोच्या मतावर नाही, मठांच्या आणि प्रवासाच्या क्रमावर आहे. विशेषणं काढून टाका, क्रम तोच राहतो.

शंकासूर

+१ जुनाबाजार. क्रियापदंच साक्षीदार आहेत.

विहीणबाई_कडक

इतके प्रतिसाद झाले आणि त्याच्या बायकोचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. एल्झ्बिएता. (या घराण्यात बायकांना दुसरं नाव ठेवायला बंदी होती बहुतेक. राजमाता एल्झ्बिएता, बहीण एल्झ्बिएता, भाची एलिझाबेथ, बायको एल्झ्बिएता.) स्त्शेल्त्सेच्या ड्यूक आल्ब्रेख्तची मुलगी, म्हणजे तीही सायलेशियाकडची पियास्तच. लग्न १३५९ च्या सुमारास आणि १३६१ च्या आत ती गेली.

तिच्या दुःखाने संन्यास घेतला ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण १३६१ ते १३६३-६४ मध्ये हा काय करत होता? दुःख दोन-तीन वर्षं राज्यकारभार करून मग उफाळून आलं? आणि तो काही सरळ मठात गेलेला नाही. आधी अर्धं जग फिरला, सम्राटाच्या दरबारात गेला. चौथा कार्ल म्हणजे त्या काळात युरोपातली सगळी भांडणं ज्याच्या टेबलावरून जात तो माणूस. दुःखी विधुर तिथे कशाला जाईल? मला वाटतं हा काझिमिएशविरुद्ध कोणी पाठीशी उभं राहील का ते चाचपत होता, प्रशियात तेच, प्रागला तेच. सगळीकडून रिकाम्या हाताने परत आल्यावर उरला तो मठ. राजाशी त्याचं बिनसलं होतं असं जुन्या लिखाणात येतंच.

तिला मुलगा झाला असता तर हा कुठेही गेला नसता एवढं मात्र मी छातीठोक सांगते.

दुपारची_झोप

विहीणबाई, शेवटचं वाक्य एकदम पटलं. त्या काळात निपुत्रिक माणसाची जहागीर म्हणजे नुसती धन्याच्या घशात जायची वाट बघत पडलेली. आज दे नाहीतर उद्या मेल्यावर फुकट घेतो. हजार मिळाले हेच नशीब.

तोरुन्यकर

उशिरा येतोय, कामानिमित्त इकडेच असतो. झ्वोतोरियाला जाऊन आलोय, तोरुन्यपासून सायकलवर सहज होतं. विस्तुला आणि द्र्वेन्त्सा या दोन नद्या जिथे मिळतात तिथे विटांच्या भिंतींचे अवशेष आहेत, तिकीट नाही, रखवालदार नाही, आत गवत वाढलेलं. लाल विटा, खालचे थर दगडाचे, पावसाने सांधे उघडे पडलेत. मी गेलो तेव्हा एक आजोबा भिंतीच्या सावलीत गळ टाकून बसले होते, आणि माझ्याकडे 'याला इथे काय हवंय' असं बघत होते.

पण त्या जागेवर उभं राहिलं की व्वादिस्वावने हाच किल्ला का धरला ते लगेच कळतं. दोन बाजूंना पाणी, उरलेली बाजू अडवली की झालं. आणि समोर द्र्वेन्त्साच्या पलीकडे ट्यूटनिकांचा मुलूख. म्हणजे घेराव घालणाऱ्या राजाच्या माणसांना सारखी धास्ती की पलीकडचे मधे पडले तर? बांधला थोर काझिमिएशनेच, याच सरहद्दीसाठी. आणि १४०९ मध्ये ट्यूटनिकांनी पाडला, तेव्हापासून तसाच. व्वादिस्वावने घेतलेल्या सगळ्या जागांत भांडायच्या लायकीची हीच एक, ग्न्येफ्कोवो तर सपाट शेतातलं गाव आहे, बीट आणि गहू. तिथे मोठं असं काही बघायला नाही, तिथल्या रेल्वे स्टेशनवर मात्र माझी गाडी चुकली आहे.

कडीपत्ता

तोरुन्यला जाऊन जिंजरब्रेड खाल्ला की नाही ते सांगा, इतिहास काय, कुठेही मिळतो.

तोरुन्यकर

खाल्ला. पहिला चावा आयुष्यभर लक्षात राहतो, मुख्यतः दाढेला.

पंचगंगाकाठ

पोलंडचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका आणि मुलं. आमची आजी सांगायची की त्या बायका बाजारात येऊन मोडक्या मराठीत भाव करायच्या आणि बीट दिसलं की उचलायच्या. वर बीटाच्या शेतांचं वाचलं आणि आठवलं. चालू द्या.

मीठभाकर

अवांतर आवडलं. पण मला काझ्कोबद्दल ऐकायचंय. झ्वोतोरियाच्या वेढ्यात कोणीतरी मोठं मेलं असं कुठेतरी वाचलं होतं.

आत्याबाई

मेला तर! स्वुप्स्कचा काझ्को. थोर काझिमिएशच्या मुलीचा मुलगा, बाप पोमेरेनियाचा ड्यूक. राजाला मुलगा नव्हता म्हणून या नातवाला त्याने मांडीवर घेतलं होतं आणि मृत्युपत्रात मोठा मुलूख ठेवला होता. लायोशने मृत्युपत्र मोडून त्याला थोडकंच दिलं, दोब्रझिन्य आणि बिद्गोश्च, तेही मांडलिक म्हणून.

म्हणजे १३७६ च्या वेढ्याकडे बघा. आत कोण, तर पियास्तांचा शेवटचा जवळचा पुरुष वारस, ज्याची जहागीर गेली. बाहेर लायोशच्या बाजूने लढायला कोण, तर दत्तक घेतलेला नातू, ज्याचंही मृत्युपत्र लायोशनेच फाडलं. दोघांचा शत्रू एक, आणि तो हंगेरीत आरामात. किल्ल्यावरून आलेला दगड काझ्कोच्या डोक्यात बसला आणि त्यातून तो उठला नाही, २ जानेवारी १३७७ ला गेला. पंचविशीतला असेल. त्यालाही मूल नाही. नात्याने व्वादिस्वाव त्याचा चुलत मामा लागतो. मामाच्या किल्ल्यातल्या दगडाने भाचा गेला आणि दोघांचेही मुलूख हंगेरीच्या राजाला मोकळे झाले.

ढेबेवाडी_फास्ट

हे वाचून मी वर केलेला दहापटीचा विनोद थोडा कडू झाला राव.

रात्रपाळी

आत्याबाईंनी माझं काम केलं. हेच म्हणत होतो मी, फक्त मला उमराव दिसत होते, त्यांनी भाऊबंद दाखवले. आणि त्याच वर्षाची दुसरी बाजू बघा: डिसेंबर १३७६ मध्ये क्राकुफला राजमातेच्या हंगेरियन परिवारावर लोक उठले, १६० च्या आसपास माणसं कापली गेली. म्हणजे राजधानीत हंगेरियनांविरुद्ध इतका राग खदखदत होता, आणि त्या रागाला नेता म्हणून दोनशे मैलांवर वेढ्यात नुकता हरलेला पियास्त आठवलासुद्धा नाही. जुनाबाजार, तुम्ही म्हणता तसा तो चंचल असेल, पण त्याच्या पाठीराख्यांएवढा नाही.

जुनाबाजार

किंवा असं की सगळ्यांनी त्याला ओळखलं होतं. :-)

शंकासूर

आता मला सांगा, व्रतांचं पुढे काय झालं? पोपने नाही म्हटलं होतं ना. मग संन्याशाने तलवार उचलली तर बहिष्कार वगैरे काही? आणि वर महंत कसा केला?

पाटीपुस्तक

@शंकासूर, अकराव्या ग्रेगरीने व्रतमुक्ती नाकारली, आणि त्यामागे लायोशचं वजन होतं हे उघड आहे. ट्यूटनिक, तुर्क, इटलीतली भांडणं, सगळीकडे पोपला हंगेरी लागायचं, एका पळालेल्या संन्याशासाठी ते कोण बिघडवेल. महंतपदाची युक्तीच मुळात सुंदर आहे. तू संन्यासी नाहीस असं तू म्हणतोस, मग आम्ही तुला इतका मोठा संन्यासी करतो की पुन्हा कोणी ड्यूक म्हणू नये. पॅनोनहाल्मा म्हणजे हंगेरीतला बेनेडिक्टाइनांचा सगळ्यात जुना मठ, दहाव्या शतकातला, टेकडीवर, ग्योरजवळ. आणि लायोशच्या नजरेखाली. तिथून तो दोन वर्षांत निघाला त्यात मला चंचलपणा कमी आणि नजरकैद सोडणं जास्त दिसतं.

आता पुढचं. १३७८ ला चर्च फुटलं, रोममध्ये एक पोप, आविन्याँला दुसरा. पोलंड आणि हंगेरी रोमच्या बाजूला, फ्रान्स आविन्याँच्या. दिजाँ फ्रान्सच्या गोटात. सप्टेंबर १३८२ मध्ये लायोश मेला, आणि त्याच वर्षी आविन्याँच्या सातव्या क्लेमेंटने व्वादिस्वावला व्रतातून मोकळं केलं! दहा वर्षं जे कोणी दिलं नाही ते मिळालं. क्लेमेंटचं त्यात काही जात नव्हतं, पोलंड तसंही त्याला मानत नव्हतं, लागला तर लागला मटका, आपल्या बाजूचा राजा.

विहीणबाई_कडक

आणि तेव्हा पोलंडची गादी खरोखर दोन वर्षं रिकामी होती, याद्विगाचा अभिषेक ऑक्टोबर १३८४ चा. मग गेला का हा?

पाटीपुस्तक

नाही गेला. पन्नाशी उलटलेली. कोणी आणायलाही आलं नाही, रात्रपाळी यांच्या मताला हा पुरावा म्हणून देऊन टाकतो. मधल्या काळात याची भाची, लायोशची राणी एलिझाबेथ, हंगेरीच्या गादीच्या भांडणात पकडली गेली आणि जानेवारी १३८७ मध्ये नोविग्रादच्या किल्ल्यात तिचा गळा दाबून खून झाला. त्यानंतर वर्षभराने हा गेला.

जुनाबाजार

१३८२ ला नाही गेला हा मुद्दा जड आहे. माझ्या यादीत हे एकच वर्ष असं सापडतं की संधी समोर असून तो हलला नाही. एवढ्यापुरतं धागाकर्त्याला अर्धा गुण.

फ्रेंचटोस्ट

मी इथे फक्त वाचनमात्र असतो, पण दिजाँ म्हटल्यावर राहवलं नाही, दोन वर्षं तिकडे शिकायला होतो. सँ बेनीन्य आता कॅथेड्रल आहे, वर रंगीत कौलांचं छप्पर, खाली अकराव्या शतकाच्या सुरुवातीचं गोल तळघर, खांबच खांब. भिक्षूंची झोपायची जागा होती तिथे आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. व्वादिस्वावची थडग्याची शिळा कॅथेड्रलमध्ये आहे, त्यावर त्याची आकृती कोरलेली. शेजारून शाळेच्या सहली जातात, सगळ्यांचं लक्ष वर काचांकडे, शिळेकडे बघणारा मी एकटा आणि तेही मागच्या पोलिश जोडप्याने खुणावलं म्हणून. वारला स्ट्रासबुर्गला पण पुरायला आणला दिजाँलाच, म्हणजे मठाने त्याला आपला मानलं होतं. सितो, पॅनोनहाल्मा सगळं सोडलं पण दिजाँला तो परत परत आला, हे जुनाबाजार यांच्या यादीत नाहीये.

कडीपत्ता

वारला कधी, नक्की तारीख? दरवर्षी एक पोस्ट टाकेन व्वादूशेठसाठी.

आत्याबाई

२९ फेब्रुवारी १३८८.

कडीपत्ता

मेल्यावरसुद्धा नियमित नाही!! चार वर्षांनी एकदा.

मीठभाकर

हसून हसून ठसका लागला.

ढेबेवाडी_फास्ट

पण मूळ जमिनीचं काय झालं शेवटी? मला तेच पाहिजे. ग्न्येफ्कोवो कोणाला गेलं?

रात्रपाळी

१३७८ ला लायोशने ते ओपोलेच्या व्वादिस्वावला दिलं, रुथेनियाच्या बदल्यात, सोबत काझ्कोचं दोब्रझिन्य आणि बिद्गोश्चसुद्धा. म्हणजे मामा-भाच्याचे दोन्ही वाटे एकाच्याच पदरात. आणि या साहेबांनी काय करावं? १३९१ मध्ये झ्वोतोरियाचा किल्ला गहाण टाकला. कोणाकडे, तर ट्यूटनिक सरदारांकडे. पुढच्या वर्षी अख्खं दोब्रझिन्य, ५०,००० फ्लोरिनला.

ढेबेवाडी_फास्ट

पन्नास हजार!! आणि आमचे व्वादूशेठ दहात गप्प बसले. ओपोलेवाल्यावर धागा काढा लवकर, भावाचा तक्ता करून ठेवतो.